चकतीवरची सरहद्द : बहुप्रदेशी ब्लू-रे प्लेअर निवडण्यापूर्वी वाचावा असा इतिहास

१/
मार्च २००९. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन वॉशिंग्टनच्या भेटीवर होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना भेट दिली ती पंचवीस अभिजात अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडींची. काही दिवसांतच ब्रिटिश वृत्तपत्रांनी बातमी छापली, की या चकत्या लंडनमधील प्लेअरवर चालत नाहीत. पडद्यावर ‘प्रदेश चुकीचा’ अशी सूचना येते. दोन मित्रराष्ट्रांच्या प्रमुखांमधील ही भेट अटलांटिक महासागर ओलांडून गेली, कोणत्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याने ती अडवली नाही, आणि तरीही ती अडली. तिला अडवणारी सीमा चकतीच्या आतच कोरलेली होती.

२/
आजचा धागा या सीमेच्या इतिहासाविषयी आहे, आणि त्याला एक व्यावहारिक निमित्त आहे. आपल्यापैकी अनेकांना परदेशी किंवा परदेशात पुनरुज्जीवित झालेले जुने भारतीय चित्रपट ब्लू-रेवर जमवायचे असतात. त्यासाठी ‘सर्व प्रदेशांच्या चकत्या चालवणारा’ प्लेअर हवा असतो. खोक्यावरचा ‘मल्टिरीजन’ हा शब्द पाहून आपण निश्चिंत होतो. परंतु त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या भिंती दडलेल्या आहेत. प्रत्येक भिंत वेगळ्या काळात, वेगळ्या कारणासाठी उभी राहिली. तो क्रम ध्यानात घेतला, तर प्लेअर निवडणे बरेच सोपे होते.

३/
पहिली भिंत सर्वांत जुनी, आणि तिचा चित्रपटाशी मुळात संबंधच नव्हता. ती विजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यावर्ती वीजप्रवाहाची वारंवारता ठरत असताना अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या प्रभावाने ६० हर्ट्झ रुळली, तर जर्मनीत एईजी कंपनीच्या प्रभावाने ५० हर्ट्झ. युरोप व त्याच्या वसाहती बव्हंशी पन्नासच्या वाटेने गेल्या. भारतही त्यांतच. जपानमध्ये तर पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० अशी विभागणी आजही टिकून आहे.

४/
पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा चित्रावर विजेच्या गुणगुणीचे पट्टे सरकताना दिसू नयेत, म्हणून पडद्याची गती विजेच्या वारंवारतेशी जुळवण्यात आली. अमेरिकेने १९४१ साली ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे हे मानक स्वीकारले. रंगीत रूपात ते एनटीएससी म्हणून ओळखले गेले. पश्चिम जर्मनी व ब्रिटनमध्ये १९६७ पासून पाल पद्धतीचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले : ६२५ रेषा, ५० क्षेत्रे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते कृष्णधवल. १९८२ साली भारतात रंग आला तो पाल पद्धतीने.

५/
परिणामी व्हीएचएसच्या काळात अमेरिकेतून आणलेली कॅसेट भारतातल्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसत नसे. आखातातून परतणारी मंडळी ‘मल्टिसिस्टीम’ व्हीसीआर आणि टीव्ही घेऊन येत, ते याचसाठी. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ही अडचण कुणी प्रेक्षकाला अडवण्यासाठी निर्माण केली नव्हती. दोन खंडांनी आपापल्या सोयीने घेतलेल्या निर्णयांचा तो एक दूरचा परिणाम होता. चित्रपट वितरकांना मात्र ही अपघाती भिंत फार उपयोगी पडली. का, ते पाहू.

६/
चित्रपटगृहातील चित्रपट म्हणजे त्या काळी ३५ मिलिमीटरच्या रिळांचे जड डबे. एकेक प्रत महाग. म्हणून अमेरिकेत प्रदर्शन संपत आले की त्याच प्रती पुढच्या देशात पाठवल्या जात. कुठे भाषांतरित उपशीर्षके जोडायची, कुठे संवाद स्थानिक भाषेत भरायचे, कुठे सेन्सॉरची मंजुरी, कुठे सुट्ट्यांचा हंगाम. अमेरिकेत उन्हाळ्यात आलेला चित्रपट युरोपात वा ऑस्ट्रेलियात काही महिन्यांनी पोहोचे. तोवर अमेरिकेत त्याची घरगुती आवृत्ती बाजारात आली आणि ती इतरत्र पोहोचली, तर तिथल्या चित्रपटगृहांचा धंदा बुडण्याची भीती होती. कॅसेटच्या काळात ही भीती पाल आणि एनटीएससी यांच्या भेदामुळे बरीच आटोक्यात राहिली.

७/
नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बाजारात डीव्हीडी आली. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत. चित्र उत्तम, चकती हलकी, टपालाने पाठवायला सोपी, आणि कितीदाही पाहिली तरी न झिजणारी. शिवाय अनेक नवे प्लेअर दोन्ही दूरचित्रवाणी पद्धतींचे चित्र देऊ शकत. विजेची जुनी भिंत खचत चालली होती. अशा वेळी हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आपले चित्रपट या नव्या माध्यमाला देण्यासाठी अट घातली, की जगाची विभागणी आता तंत्रातच करावी. इथे दुसरी भिंत उभी राहिली, आणि ती जाणूनबुजून उभारलेली होती.

८/
जगाचे सहा भाग झाले. १ : अमेरिका, कॅनडा. २ : युरोपचा मोठा भाग, जपान, मध्यपूर्व, दक्षिण आफ्रिका. ३ : आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग. ४ : लॅटिन अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ५ : भारतीय उपखंड, रशिया, उत्तर कोरिया आणि आफ्रिकेचा बहुतांश भाग. ६ : चीन. सातवा क्रमांक राखीव ठेवला गेला, आणि आठवा विमाने व जहाजे यांसारख्या आंतरराष्ट्रीय ठिकाणांसाठी. डीव्हीडीच्या वेष्टनावर पृथ्वीगोलाच्या चिन्हात जो अंक दिसतो, तो हाच.

९/
नकाशे वाचण्याची सवय असलेल्यांनी हा नकाशाही बारकाईने वाचावा. दक्षिण आफ्रिका आपल्या बहुतेक आफ्रिकी शेजाऱ्यांपासून तोडून युरोपच्या रांगेत बसवलेली आहे. हाँगकाँग आणि मकाव चीनपासून वेगळे आहेत; हा नकाशा आखला जात होता तेव्हा एकावर ब्रिटनचा आणि दुसऱ्यावर पोर्तुगालचा अंमल होता. जपान आणि युरोप एका प्रदेशात असूनही त्यांच्या दूरचित्रवाणी पद्धती भिन्न. भारत, रशिया आणि केनिया यांना एकत्र आणणारे भौगोलिक वा सांस्कृतिक सूत्र शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. हा नकाशा भूगोलाचा नव्हेच. तो वितरकाच्या खतावणीचा आहे. कुठे केव्हा विकायचे आणि कुठे किती भावाने, याचा हिशेब त्यात आहे.

१०/
या भिंतीला बळ कायद्याने दिले नाही, कराराने दिले. डीव्हीडीवरील चित्रपट सीएसएस नावाच्या पद्धतीने सांकेतिक केलेला असे. तो उलगडण्याची किल्ली हवी असेल तर प्लेअर बनवणाऱ्या कंपनीला परवाना घ्यावा लागे, आणि परवान्याची एक अट अशी, की यंत्राने प्रदेश तपासलाच पाहिजे. चकतीवर एक बाइट. त्यातील आठ बिट म्हणजे आठ प्रदेशांचे आठ दरवाजे. यंत्राचा अंक आणि उघडा दरवाजा जुळला तरच चित्र दिसणार.

११/
आपल्या किनाऱ्याचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना पोर्तुगीजांचे कार्ताझ आठवेल. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर भिंत बांधणे कुणालाच शक्य नव्हते. म्हणून पोर्तुगीजांनी प्रत्येक व्यापारी जहाजाला परवाना घेणे भाग पाडले. परवाना नसलेले जहाज पकडले जाई. समुद्र खुला राहिला; बंधन जहाजाच्या कागदावर आले. प्रदेश-संकेताची रीत तशीच आहे. चकतीचा प्रवास कुणी अडवत नाही. ती विकत घेणे गुन्हा नाही, टपालाने मागवणेही नाही. अडवणूक होते ती घरातल्या यंत्रात, आणि ते यंत्रही आपण स्वतःच्या पैशाने आणलेले असते.

१२/
कार्ताझ चुकवणारी गलबते होती, तसे इथेही घडले. अनेक डीव्हीडी प्लेअरच्या रिमोटवर ठरावीक कळा ठरावीक क्रमाने दाबल्या की प्रदेश बदलण्याची गुप्त यादी उघडे. कारखान्याला एकच यंत्र जगभर विकायचे असल्याने ही सोय त्याच्या पोटातच असे. युरोपात ‘सर्वप्रदेशी’ प्लेअर दुकानांत उघडपणे विकले जाऊ लागले. यावर उपाय म्हणून २००० साली काही अमेरिकी चकत्यांवर वाढीव तपासणी आली. ‘द पेट्रियट’ ही त्यांतील एक प्रारंभीची. सर्व दरवाजे उघडे ठेवणारा प्लेअर ही चकती ओळखे आणि चित्रपटाऐवजी नकार दाखवी. मग प्लेअर बनवणाऱ्यांनी चकतीगणिक आपला अंक बदलणारी यंत्रे काढली.

१३/
संगणकाच्या ड्राइव्हसाठी १ जानेवारी २००० पासून नवा नियम लागू झाला. प्रदेशाची नोंद ड्राइव्हमध्येच राहणार आणि वापरणाऱ्याला ती फक्त पाच वेळा बदलता येणार. पाचव्यांदा निवडलेला प्रदेश कायमचा. त्याआधी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, सीएसएसची सांकेतिक पद्धत उलगडणारा ‘डीसीएसएस’ हा प्रोग्रॅम प्रसृत झाला होता. त्याच्याशी नाव जोडले गेलेला नॉर्वेचा यॉन लेक योहान्सेन तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षअखेरीस अपिलातही तो निर्णय कायम राहिला. स्वतः विकत घेतलेली चकती पाहण्याचा हक्क हा त्या खटल्याचा गाभा होता.

१४/
सरकारांचे मतही एकसारखे नव्हते. युरोपीय संघाचे तत्कालीन स्पर्धा आयुक्त मारिओ मॉन्टी यांनी २००१ साली जाहीर केले, की युरोपातील डीव्हीडींच्या चढ्या किमतींविषयी तक्रारी आल्याने या पद्धतीची चौकशी सुरू आहे. ऑस्ट्रेलियात ‘स्टीव्हन्स विरुद्ध सोनी’ हा खटला प्लेस्टेशनमध्ये बसवल्या जाणाऱ्या चिपविषयी होता. तिथल्या सर्वोच्च पीठाने २००५ साली सोनीच्या विरोधात निकाल दिला. २००६ च्या कायदेदुरुस्तीत तर चित्रपट आणि संगणकीय खेळांसाठीचे निव्वळ बाजार-विभागणीचे तांत्रिक अडथळे कायद्याच्या संरक्षणातून वगळले गेले. म्हणजे एका देशाने तरी स्पष्ट म्हटले, की हे कुलूप चोरी रोखण्याचे नव्हे, भाव राखण्याचे आहे.

१५/
आणि आपल्याकडे? भारतातील मध्यमवर्गीय घरांत डीव्हीडीआधी व्हीसीडी पोहोचली. १९९३ चे हे मानक; त्यात ना प्रदेश-संकेत, ना सांकेतिक लिपी. एक चित्रपट दोन चकत्यांत मावे आणि मध्यंतराच्या आसपास उठून चकती बदलावी लागे. पुढे हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी आल्या, त्यांतील बऱ्याच सर्व प्रदेशांसाठी खुल्या असत. कारण उघड आहे : त्यांचा ग्राहक एकाच वेळी दादर, दुबई, लंडन आणि न्यू जर्सी येथे होता. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या. हॉलिवूडने बनावट चकत्यांवर कुलपाचा उपाय योजला होता. या कंपनीने किमतीचा योजला.

१६/
तरीही पाचव्या प्रदेशाची भिंत आपल्यालाही लागली. वॉर्नर ब्रदर्सच्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली निकाल दिला, तो एका चकती-वाचनालयाविरुद्ध. तिथे परदेशात रीतसर विकत घेतलेल्या, परंतु भारताच्या बाजारासाठी नसलेल्या डीव्हीडी आणून भाड्याने दिल्या जात. चकत्या अस्सल होत्या, नकला नव्हत्या. तरीही परवानगीविना त्या अशा भाड्याने देणे न्यायालयाने अमान्य केले. अस्सल वस्तू आणि अधिकृत वस्तू यांत फरक असू शकतो, हे या निकालाने दाखवून दिले.

१७/
हा फरक विद्यार्थ्यांना नवा नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्यांवर ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का असतो, तो याच विचाराचा. थायलंडमधून आणलेल्या अशाच स्वस्त पुस्तकांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१३ रोजी निर्णय दिला, की परदेशात रीतसर छापलेली आणि घेतलेली प्रत मालकाला पुन्हा विकता येते. भारतात २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीत समांतर आयातीला वाट देणारी तरतूद प्रस्तावित होती, पण अंतिम कायद्यातून ती गळली. त्याच दुरुस्तीतील कलम ६५अ तांत्रिक संरक्षण मोडण्याला शिक्षा सांगते. मात्र ते स्वामित्वहक्काचा भंग करण्याच्या हेतूने मोडले असेल तर. पुस्तकावरचा शिक्का वाचणाऱ्याला अडवत नाही. चकतीवरचा अडवतो.

१८/
आता उच्च सुस्पष्टतेच्या चकत्यांकडे वळू. २००६ साली दोन स्पर्धक बाजारात उतरले. तोशिबाच्या पुढाकाराने एचडी डीव्हीडी, आणि सोनी व सहकाऱ्यांची ब्लू-रे. या युद्धाविषयी लिहिताना बहुतेक जण साठवणक्षमता आणि प्लेस्टेशन ३ यांचा उल्लेख करतात. एक मुद्दा सहसा राहून जातो : एचडी डीव्हीडीवर प्रदेश-संकेत नव्हता. कोणत्याही देशातली चकती कोणत्याही देशातल्या यंत्रावर चाले. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. प्रादेशिक भिंत नसलेले माध्यम हरले.

१९/
ब्लू-रेने सहाचे तीन प्रदेश केले. ए : दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग, आग्नेय आशिया. बी : युरोपचा बहुतांश भाग, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. सी : भारत व त्याचे शेजारी, चीन, रशिया, मध्य आशिया. हाँगकाँग १९९७ साली चीनकडे गेले होते. तरीही २००६ च्या या नकाशात ते चीनपासून वेगळेच राहिले. यंत्रणाही थोडी बदलली. ब्लू-रेमध्ये चकतीवरची आज्ञावली प्लेअरला त्याचा प्रदेश विचारते आणि उत्तर पटले नाही तर पुढे जात नाही. प्रकाशकाने हा प्रश्न विचारायचाच नाही असे ठरवले, तर चकती सर्वत्र चालते.

२०/
आणि इथेच या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळते. मोठ्या अमेरिकी स्टुडिओंना जगभरचे हक्क स्वतःकडेच असल्याने कुलपाची गरज हळूहळू कमी झाली. चित्रपटगृहांत रिळांच्या जागी डिजिटल प्रती आल्या आणि मोठे चित्रपट बहुतेक देशांत जवळपास एकाच वेळी झळकू लागले. त्यांच्या अनेक ब्लू-रे चकत्यांवर आज प्रादेशिक कुलूप नसते. कुलूप टिकले ते अभिजात आणि कलात्मक चित्रपट काढणाऱ्या छोट्या प्रकाशकांकडे. त्यांनी हक्क घेतलेले असतात ते एखाद्या देशापुरते, आणि करारच सांगतो की चकती त्या हद्दीबाहेर चालता कामा नये. नव्या हॉलिवूडपटांसाठी बांधलेली भिंत आज प्रामुख्याने जुन्या जागतिक चित्रपटांभोवती उभी आहे.

२१/
सत्यजित राय यांची अपूत्रयी घ्या. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. अमेरिकेतील अकॅडमीच्या अभिलेखागाराने ते अवशेष जपले. पुढे क्रायटेरियन कंपनी आणि इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी जळलेल्या फिती हाताने सोडवून, दुरुस्त करून २०१५ साली तिन्ही चित्रपट पुन्हा उभे केले. त्याच वर्षी ब्लू-रे संच आला. त्याचा प्रदेश : ए. भारत : सी. ऋत्विक घटक यांचे ‘मेघे ढाका तारा’ आणि ‘तिताश एकटि नदीर नाम’ हेही क्रायटेरियनच्या संग्रहात आले. बंगालच्या नदीकाठी घडलेल्या कथा, आणि भारतात रीतसर घेतलेल्या यंत्राला त्या दाखवण्याची मुभा नाही. आपल्यासाठी बहुप्रदेशी प्लेअर ही केवळ हौस राहत नाही, ती इथे.

२२/
या पार्श्वभूमीवर खरेदीचे प्रश्न विचारू. पहिला : ‘बहुप्रदेशी’ म्हणजे नक्की काय? ब्लू-रे प्लेअरमध्ये दोन स्वतंत्र कुलपे असतात. डीव्हीडीचे सहा प्रदेशांचे आणि ब्लू-रेचे तीन प्रदेशांचे. अनेक विक्रेते पहिले उघडून दिलेल्या यंत्रालाही ‘मल्टिरीजन’ म्हणतात. डीव्हीडीचे कुलूप काही यंत्रांत रिमोटवरून उघडते. ब्लू-रेचे सहसा तसे उघडत नाही. त्यासाठी यंत्राच्या आतील फर्मवेअर बदलावे लागते किंवा वेगळी चिप बसवावी लागते. म्हणून विक्रेत्याकडून लेखी घ्या : ‘ब्लू-रे ए, बी, सी आणि डीव्हीडी १ ते ६’. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा वा परदेशातून मागवा, प्रश्न हाच.

२३/
दुसरा : प्रदेश बदलतो कसा? काही यंत्रे चकती ओळखून आपोआप बदलतात. काहींत रिमोटवर आकडा दाबावा लागतो. काही बंद करून पुन्हा सुरू करावी लागतात. वर सांगितलेल्या २००० सालच्या वाढीव तपासणीमुळे ‘सर्व दरवाजे एकदम उघडे’ या पद्धतीपेक्षा एकेक अंक निवडू देणारी पद्धत अधिक भरवशाची. तिसरा : फर्मवेअर अद्ययावत केल्यास ही सोय टिकेल का? इंटरनेटवरून आलेली नवी आवृत्ती जुना बदल पुसू शकते. बदल केलेल्या यंत्राची हमी मूळ कंपनी सहसा देत नाही. विक्रेता देतो का, हे विचारणे आवश्यक.

२४/
चौथा प्रश्न जुन्या विजेच्या भिंतीचा. ब्लू-रेवरील मुख्य चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींनी साठवलेला असतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. परंतु ब्रिटन वा ऑस्ट्रेलियाच्या चकतीवरील मुलाखती, माहितीपट किंवा दूरचित्रवाणी मालिका ५० हर्ट्झच्या असू शकतात. भारतातील टीव्ही साधारणतः ५० आणि ६० दोन्ही दाखवतात. अमेरिकी बाजारासाठी बनलेली अनेक यंत्रे ५० स्वीकारत नाहीत. पाल डीव्हीडीवर तर २४ चौकटींचा चित्रपट २५ ने धावतो. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर तो किंचित चढा लागतो. अभ्यासासाठी पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

२५/
पाचवा प्रश्न ४के चकत्यांचा. २०१६ साली आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या मानकात प्रदेश-संकेतच नाही. त्यामुळे कोणतीही ४के चकती कोणत्याही ४के प्लेअरवर चालते. मात्र त्याच खोक्यात जोडीला साधी ब्लू-रे असते आणि बरेचदा पूरक साहित्य तिच्यावरच असते. तिला कुलूप असू शकते. संग्रह फक्त ४केचा असेल तर साधा प्लेअर पुरेल. अपूत्रयीसारखे जुने ब्लू-रे संच हवे असतील तर नाही. सहावा, अगदी घरगुती : अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे, जपानमधील १०० चे, आपली वीज २३० ची. मागच्या पट्टीवर कोणता विद्युतदाब लिहिला आहे, ते वाचल्याखेरीज प्लग लावू नये.

२६/
खरेदीआधी एक छोटा अभ्यास जरूर करावा. आपल्याकडे असलेल्या आणि पुढील वर्षभरात घ्यायच्या चकत्यांची यादी करावी आणि प्रत्येकीच्या पाठीवरचे चिन्ह पाहावे : डीव्हीडीवर पृथ्वीगोलातला अंक, ब्लू-रेवर षटकोनातले अक्षर. कदाचित यादीतील बहुतेक चकत्या खुल्या निघतील आणि महागडे यंत्र लागणारच नाही. कदाचित एकाच प्रकाशकाच्या आवडीपायी सगळा संग्रह ‘ए’चा निघेल. क्रायटेरियननेच २०१६ पासून ब्रिटनसाठी ‘बी’ प्रदेशाच्या आवृत्त्या काढल्या. म्हणजे एकाच प्रकाशकाच्या दोन आवृत्त्यांना दोन कुलपे. नाव पाहून घेऊ नये, चिन्ह पाहून घ्यावे.

२७/
घाई करण्याचेही एक कारण आहे. जाणकारांमध्ये नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये हा व्यवसाय थांबवला. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर काढणे बंद केले. अलीकडे एलजीनेही माघार घेतली. यंत्रे कमी होत आहेत आणि भिंती मात्र स्थलांतर करत आहेत. ओटीटीवर ‘हा चित्रपट तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी ओळ दिसते, तिच्यामागे तेच प्रादेशिक करार असतात. पूर्वी ते यंत्रातल्या एका बाइटमध्ये राहत; आता ते सर्व्हरवर राहतात आणि रिमोटच्या कळा तिथवर पोहोचत नाहीत.

२८/
या इतिहासातून एवढे ध्यानात येते, की सीमा ज्या कारणासाठी आखली जाते ते कारण संपले म्हणून ती पुसली जात नाही. रिळांचे डबे गेले, प्रदर्शनाची वेळापत्रके जुळली, हाँगकाँगवरचा झेंडा बदलला. चकतीवरचे अक्षर राहिले. कुणाचा तरी करार त्यावर टेकलेला असतो. हातातली चकती ही निदान अशी वस्तू आहे, जिचे कुलूप दिसते, ओळखता येते आणि योग्य यंत्राने उघडता येते. तुमच्या संग्रहातील चकत्यांच्या पाठीवर कोणते अंक आणि कोणती अक्षरे आहेत, ते प्रतिसादांत अवश्य कळवा. एखादी अडलेली चकती असेल तर तिचे नावही सांगा. धागा समाप्त.